झाकणावरचा आकडा

६ मार्च

प्रिय मामा,

तू पोहोचल्याचा फोन आला तेव्हा मी घरी नव्हते. म्हणजे होते, पण आईला खुणेनंच सांगितलं, मी बाहेर गेलेय म्हणून सांग. तिनं तसं सांगितलं आणि फोन ठेवून माझ्याकडे बघत राहिली. तिला वाटतं, माझं ऑफिसात काहीतरी बिनसलंय. तुझ्याबद्दल तिचा वेगळाच समज आहे. "एकतीस वर्षांत या माणसानं कधी धड आठवडाभर सुट्टी घेतली नाही, आणि आता उठून मित्राच्या दुकानात पंखे दुरुस्त करायला गेला. मीच त्या गळक्या नळावरून बोलले ना, ते लागलं असणार."

आमच्या साप्ताहिकाच्या गेल्या शुक्रवारच्या अंकातली खुलाशाची चौकट तू वाचलीस हे मला माहीत आहे. अंक स्वयंपाकघरात टेबलावर होता, आणि माझा मजकूर वर येईल अशी घडी फक्त तूच घालतोस.

मला माझी बाजू सांगायची आहे. तुला यातलं सगळं ठाऊक आहे, तरी पहिल्यापासून लिहिते, कारण मधूनच सुरुवात करायचं धाडस होत नाही. साप्ताहिकात माझे पहिले सहा महिने उमेदवारीचे. यंदाच्या पुरस्कारासाठी नामांकन मिळालेल्या पाच चित्रपटांवर दर आठवड्याला एक लेख आणि शेवटी पाचांचा मिळून एक, हे काम माझ्यासारख्या नवख्या मुलीला मिळालं. "हे नीट केलंस तर कायम झालीस म्हणून समज," असं संपादक म्हणाले होते. पत्रकारांसाठीचे पाचही खेळ तुझ्याच थिएटरात. तिसरा होता पुलावरच्या चौकीदाराचा.

मी काय लिहिलं होतं ते तू पाठच केलं होतंस. दिग्दर्शक बापाचं मरण आधी दाखवतो आणि बाप-लेकीचं भांडण नंतर, त्यामुळे भांडणातला शब्द न् शब्द मेलेल्या माणसाशी बोलल्यासारखा ऐकू येतो. पाचांतलं सगळ्यांत मोठं धाडस हेच. आठवड्याभरानं निर्मात्याचं पत्र आलं. चित्रपट अगदी सरळ क्रमाचा आहे. तुमच्याकडे चौथ्या रिळाच्या जागी सातवं लागलं आणि सातव्याच्या जागी चौथं. मी ज्या धाडसाची पानभर स्तुती केली, ते कुणी केलेलंच नव्हतं.

त्या खेळाला अकरा पत्रकार होते. कळलं कुणालाच नाही. पण बाकीच्यांनी 'अभिनय सकस, छायाचित्रण सुंदर' एवढं लिहून हात झटकले. धाडसाबिडसाच्या भानगडीत मी एकटीच पडले.

संपादक म्हणाले, खुलासा लिही. मी लिहिला. त्यात तुझं नाव कुठेही नाही, फक्त 'ऑपरेटर' असा शब्द आहे. आणि 'वर्षानुवर्षं एकाच खोलीत काम करून अंगात भिनलेली बेफिकिरी' हे वाक्य पहिल्या मसुद्यात नव्हतं. ते नंतर घातलं गेलं.

तब्येतीला जप. नवा चष्मा लागला का डोळ्यांना?

तुझी
बॅटरी


१४ मार्च

प्रिय मामा,

तुझं उत्तर नाही. मित्राच्या दुकानात काम खूप असेल.

ते वाक्य मीच घातलं. 'घातलं गेलं' असं लिहिलं होतं ना मी? तू हसला असशील. माझ्या निबंधांत तू नेहमी विचारायचास, "हे कुणी केलं गं? आपोआप झालं का?" संपादकांनी खुलासा वाचला आणि म्हणाले, "फार गुळमुळीत आहे. वाचकाला वाटेल, तूच काहीतरी लपवतेयस." मी टेबलाशी परत आले, पाच मिनिटं बसले आणि ते वाक्य लिहिलं. लिहिताना चांगलं वाटलं, हेही सांगून टाकते. लय छान जमली होती.

मग त्यांनी विचारलं, "या ऑपरेटरला ओळखतेस का तू? त्याची बाजू घ्यायची असेल तर घेऊ." माझं आडनाव वेगळं, तुझं वेगळं. मी म्हटलं, "नाही, ओळखत नाही."

आता दुसऱ्या साप्ताहिकात माझं नाव 'रीळविदुषी' पडलं आहे. परवा त्यांनी लिहिलं, की रीळविदुषींना चित्रपट समजण्यासाठी तो आधी पिसून घ्यावा लागतो, पत्त्यांसारखा. विनोद वाईट नाही. तुझ्या तोंडून आला असता तर मी खो-खो हसले असते.

आपण दोघं केबिनमध्ये करायचो तसं आज मी एकटीच करत बसले. खेळ संपला की एकेकानं एकेका वाक्यात निकाल द्यायचा. मशीनच्या आवाजात तुला संवाद कधी धड ऐकूच आले नाहीत, पण भोकातून तू खालची डोकी बघायचास. डोकी स्थिर म्हणजे चित्रपट चालू आहे. डोकी घड्याळाकडे वळली म्हणजे नुसतं रीळ चालू आहे. या पाचांबद्दल छापलेलं माझं मत तुला ठाऊक आहे. खरं मत इथे लिहिते.

पहिला, बहिऱ्या शिंप्याचा. मी 'हृदयस्पर्शी' लिहिलं. खरं तर त्यात रडू येतं ते व्हायोलिनमुळे. तू त्या दिवशी म्हणालास, "बिचाऱ्याला ऐकू येत नाही तेच बरं, वाजंत्री थांबतच नाही." माझ्या पानभर लेखापेक्षा ते वाक्य खरं होतं. मी ते चोरायचंसुद्धा टाळलं, कारण बाकी सगळे रडले होते.

दुसरा युद्धाचा. 'भव्य' लिहिलं. तू म्हणालास, "बाराव्या रिळात लढाई संपली, पण तोवर निम्मे प्रेक्षक शहीद झाले."

पाचवा, न्यायाधीशाच्या बायकोचा, ज्याला सगळे आताच विजेता म्हणताहेत, त्यात मधली वीसेक मिनिटं मला झोप लागली होती. तरीही मी 'संयत' असं लिहिलं. संयत होता की नाही, मला खरंच माहीत नाही.

आई रोज विचारते, मामाला पत्र टाकलंस का. मी म्हणते, टाकलं. एवढं एक तरी खरं बोलते.

तुझी
बॅटरी


१९ मार्च

प्रिय मामा,

आज थिएटरवर गेले होते. मागच्या दारानं जायची सवय, पण पाय पुढच्या दाराकडे वळले. खिडकीवाल्या मावशीनं तिकिटाच्या भोकातून बघितलं.

"काय गं बॅटरी? पत्रकार बाई आता पुढच्या दारानं येणार वाटतं?"

"तसं नाही मावशी."

"मग कसं? नाव छापून यायला लागलं की माणूस असंच करतं म्हणा. बस. चहा घेणार? घेणारच. काय तोंड झालंय तुझं."

तिनं आपल्या कपातला निम्मा चहा थर्मासच्या झाकणात ओतून दिला आणि बोलत सुटली. तुझ्या जागी आलेला नवा ऑपरेटर तीनदा रीळ तोडून बसला आहे. लोक शिट्ट्या मारतात आणि शिव्या हिला खाव्या लागतात, कारण तोंड फक्त हिचंच दिसतं. मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुला कागदाचं कळलं ना?"

मला काहीच कळलं नव्हतं. परवाना कार्यालयातून आलेला कागद तिनं दाखवला. निर्माता मालकाच्या मागे लागला, मालकानं तुझ्यावर तक्रार केली. पुरावा म्हणून माझ्या खुलाशाचं कात्रण जोडलं आहे. 'बेफिकिरी'खाली कुणीतरी लाल रेघ मारली आहे. सुनावणी सव्वीस तारखेला. परवाना गेला तर कुठल्याच थिएटरात मशीनला हात लावता येणार नाही तुला. पंखेच दुरुस्त करायचे मग.

मावशी म्हणाली, "मी विचारलं होतं त्याला. चष्मा फुटलेला, तर खेळ तासभर पुढे ढकलायचा होतास. तर म्हणतो, 'डोळे होते गं तिथे. तरणे होते.' कुणाचे डोळे रे, म्हटलं, तर नुसता हसला. तुला काही माहीत आहे?"

मी म्हटलं, "नाही."

चहा संपवला, झाकण विसळून ठेवलं आणि आत जाऊन बसले. काचकारखान्यातल्या बायकांचा चित्रपट लागला होता, नामांकनातला चौथा. आम्ही एकोणीस जण होतो. मला पाचांत खरोखर आवडलेला हा एकच. त्या बायका भट्टीसमोर उभ्या राहून बोलतात तेव्हा एकमेकींकडे बघत नाहीत, काचेच्या गोळ्याकडे बघतात, कारण नजर हलली की काच वाकडी होते. सगळं प्रेम, सगळी भांडणं त्या नजर न हलवता करतात. मी यावर तीनच ओळी लिहिल्या होत्या. "कोण बघणार हा? आटप," असं संपादक म्हणाले आणि मी आटपलं. या एका चित्रपटासाठी भांडायला हवं होतं मी.

त्या दिवशी खेळाच्या आधी मी केबिनमध्ये होते, हे मावशीला सांगायला हवं होतं. तुला सांगण्यात काय अर्थ आहे? तू तिथेच होतास.

बॅटरी


२१ मार्च

मामा,

काय घडलं ते लिहिते. तुला माहीत असलेलंच आहे. पण माझ्या अक्षरात ते एका तरी कागदावर असू दे.

चारचा खेळ होता. मी तीन वाजता वर आले. प्रिंट उशिरा पोहोचली होती, दहा डबे दाराशीच पडले होते. सकाळी शिडीवरून तुझा चष्मा पडून काच फुटली होती आणि दुकानदारानं संध्याकाळचा वायदा केला होता. मी नवा पांढरा शर्ट घातला होता. तो तुला दाखवायला आले असं मी तुला म्हटलं, पण त्यासाठी आले नव्हते. सांगायला आले होते, की आज संपादक येणार आहेत, खेळ सुटल्यावर तू खाली येऊ नकोस.

"गर्दी असेल ना, म्हणून," असंही म्हटलं मी. बारा माणसांची गर्दी.

तू म्हणालास, "बरं. मला तरी कुठे वेळ आहे." मग म्हणालास, "शर्ट झकास आहे. आता आलीच आहेस तर जरा पट्ट्या बघ. झाकणावर जाऊ नकोस. आधीच्या थिएटरवाले घाईत रिळं कुठल्याही डब्यात कोंबतात. पट्टी ओढ, उजेडाला धर, पिनेनं कोरलेला आकडा असतो तो बघ. मला आज तो दिसायचा नाही."

हे तू मला आठव्या वर्षी शिकवलं होतंस, मी हातात बॅटरी धरून तुझ्यामागे फिरायचे आणि तू मला बॅटरीच म्हणायला लागलास तेव्हा. रिळाच्या तोंडाशी हातभर काळी पट्टी असते, त्या रिळाचा खरा नंबर तिच्यावरच. झाकण म्हणजे नुसतं झाकण.

पहिल्या तीन डब्यांच्या पट्ट्या मी बघितल्या. आकडे बरोबर होते. तिसऱ्या पट्टीला तेल होतं, ते बोटाला लागलं. मी बोट कागदाला पुसलं, तरी नखाशी काळी रेघ राहिली. शर्टाच्या बाहीकडे बघितलं. पांढरीशुभ्र होती. खाली संपादक येणार, शेजारी बसवणार. चौथा डबा मी उघडलाच नाही. झाकणावरचे आकडे वाचत गेले, मोठ्यानं, तुला ऐकू जाईल असे. चार. पाच. सहा. सात. पार दहापर्यंत.

तू मशीनपलीकडे दिव्याच्या कार्बनच्या कांड्या बसवत होतास. विचारलंस, "पट्टीवरच बघितलंस ना?"

"हो रे मामा, बघितलं."

"शाबास."

मग खाली जाऊन मी संपादकांशेजारी बसले. तुझ्या भोकाकडे एकदाही वळून बघितलं नाही.

निर्मात्याचं पत्र आलं त्या दिवशी तू घरी येऊन हात धुतलेस आणि आई ऐकणार नाही अशा आवाजात विचारलंस, "चौथा डबा उघडला होतास ना गं?" तेव्हा 'नाही' एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं, "आता नक्की आठवत नाही." तू म्हणालास, "असू दे." आणि बेफिकिरीचं ते वाक्य मी दुसऱ्या दिवशी लिहिलं, मामा. आधी नाही. सगळं माहीत असताना.

आपल्या घरातली पहिली पदवी माझी. पदवीच्या कागदावर माझ्या नावाचं स्पेलिंग बरोबर आहे की नाही, ते तू दोनदा तपासलं होतंस. झाकणावर न जाता.

सव्वीसला मी तिथे असेन.


२८ मार्च

मामा,

तू येशील असं वाटलं होतं. तू आला नाहीस, तुझा कागद आला होता.

परवाना कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर एक खोली आहे. चार कपाटं, एक टेबल, आणि जिथे बसावं तिथे फायली. अधिकारी पन्नाशीचे, सर्दी झालेले. मालक आपल्या वकिलाबरोबर बसला होता. मला बघून म्हणाला, "या, या. साप्ताहिकवाल्या आल्या. बरं झालं." त्याला वाटलं, मी त्याच्या बाजूनं बोलायला आले आहे.

मी उभी राहून सगळं सांगितलं. शर्टाचंही सांगितलं. मालकाचा वकील हसला. अधिकाऱ्यांनी नाक पुसलं आणि फायलीतून तुझं आंतरदेशीय काढलं.

"हे त्यांचं निवेदन. वाचू?" आणि त्यांनी वाचलं. चूक माझी आहे. रिळं मीच तपासली. चष्मा नसताना खेळ लावायला नको होता. त्या दिवशी केबिनमध्ये मी एकटाच होतो.

"आता बघा," ते म्हणाले, "माझ्याकडे दोन कागद. एकात केबिनमध्ये एक माणूस, दुसऱ्यात दोन. मी कुठला धरू?"

"माझा धरा."

"का म्हणून? त्यांचा परवाना जायचाय, तरी ते तसं लिहितायत. तुमच्याकडे परवानाच नाही. तुम्ही खोटं बोललात तर तुमचं काय जाणार?"

त्यांचं बरोबर होतं. कारण तोवर माझं खरंच काही गेलेलं नव्हतं.

मालक बाहेर गेल्यावर ते जरा मऊ झाले. म्हणाले, "तुमचं खरं असेल तर ताकीद देऊन सोडता येईल. एकतीस वर्षांत एकही तक्रार नाही त्यांच्यावर. पण पहिलं निवेदन त्यांनी स्वतः मागे घ्यायला पाहिजे. हा फॉर्म. दहा एप्रिलपर्यंत. नाही आला तर परवाना रद्द, मग मीही काही करू शकत नाही." मग पुन्हा नाक पुसत म्हणाले, "भाचीला वाचवतायत ते. आमच्या लक्षात येतं हो. पण लक्षात आलेलं फायलीत लावता येत नाही."

ऑफिसात परतले तर टेबलावर पाकीट होतं. मी कायम झाले. दुपारी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हसले. हसता आलं मला, मामा, त्याचीच जास्त लाज वाटते.

काल पुलाचा चित्रपट पुन्हा लागला, बरोबर क्रमानं. तिकीट काढून मागच्या रांगेत बसले. चौथ्या रिळात बाप-लेक भांडतात आणि ती निघून जाते. सातव्यात तो मेलेला आहे. आणि मधे पाचवं, सहावं. त्यात तो पुलावर कंदील लावतो, चहा करतो, होडी येणार असेल तर पुलाची फळी उचलतो. ती दूरच्या शहरात त्याची पत्रं न उघडता खणात टाकते, एकदा स्टेशनापर्यंत येते आणि परत फिरते. चाळीस मिनिटं हेच. आमच्या खेळात ही दोन रिळं त्याच्या मरणानंतर आली होती, म्हणून मला ती नुसती आठवण वाटली, सुंदर आणि निरुपयोगी. आता कळलं, अख्खा चित्रपट तेवढ्या दोन रिळांत आहे. तिच्याकडे वेळ होता. भरपूर होता.

माझ्या आवडत्या उलट्या क्रमात कुणाकडे वेळच नव्हता, म्हणून कुणाची चूकही नव्हती. ते मला का आवडलं असेल, याचा विचार करत परत आले.

फॉर्म या पाकिटात ठेवत नाही. नुसता पाठवला तर तू तो फाडशील, हे मला माहीत आहे.


४ एप्रिल

मामा,

कालच्या अंकात पाचांवरचा शेवटचा लेख आला. सोबत अंक ठेवला आहे. बाकी चार चित्रपटांवरची माझी खरी मतं त्यात आहेत. शिंप्याचं आणि युद्धाचं वाक्य तुझ्या नावावर दिलं आहे, पूर्ण नावावर. न्यायाधीशाच्या बायकोच्या वेळी झोपले होते हेही आहे. पुरस्कार काचकारखान्याला मिळायला हवा, असं लिहिलं आहे, मिळणार नाही. आणि पुलाच्या चित्रपटावर लिहिताना त्या दिवशीचं तीन वाजल्यापासूनचं सगळं आहे. डबे, पट्ट्या, तू विचारलेलं, मी दिलेलं उत्तर, संपादकांना 'ओळखत नाही' म्हटलेलं. माझं नाव वर, तू माझा मामा हे पहिल्याच ओळीत.

संपादकांनी ते उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं.

"हे छापलं तर तुला ठेवता येणार नाही मला. कळतंय ना?"

"कळतंय."

"नुसतं 'तपासणीत चूक झाली' असं लिही. तेवढ्यानं भागेल."

"कुणाकडून झाली ते लिहायला हवं ना. मागच्या वेळी आपण लिहिलं होतं."

त्यांनी पानं पुन्हा एकदा चाळली. मग लाल पेन काढलं आणि म्हणाले, "शेवटचा परिच्छेद लांबलाय." दोन ओळी उडवल्या आणि छापायला पाठवलं. माणूस वाईट नाही. सोमवारपासून येऊ नकोस म्हणाले, तेव्हा माझ्याकडे बघत नव्हते.

सगळ्यांत अवघड आईला सांगणं होतं. अंक तिच्या हातात देऊन चाललं नसतं, तिला वाचता येत नाही. काल संध्याकाळी ती कामावरून आली, पाय पाण्यात सोडून बसली, आणि मी तिच्यासमोर जमिनीवर बसून सांगितलं. ती पाय चोळत ऐकत होती. सगळं झाल्यावर म्हणाली, "शर्टासाठी?"

"हो."

"तो पांढरा?"

"हो."

"मी काढला असता गं डाग," ती म्हणाली. "दिवसभर इस्पितळाच्या धुलाईखान्यात मी दुसरं काय करते? रक्ताचे काढते, औषधांचे काढते. तेलाचा एक डाग मला निघाला नसता?"

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. रात्री तिनं पिशवी भरली. शेजारणीला सांगितलं, "भावाकडे जाऊन येते. महिनाभर मी आपली नळाला बोल लावत बसले." उद्या सकाळच्या गाडीनं ती तुझ्याकडे येते आहे. अंक आणि फॉर्म मी तिच्या पिशवीत ठेवले. तिनं ठेवू दिले. हे पत्रही त्यातच ठेवते.

ती तुला हे सगळं मोठ्यानं वाचायला लावेल. वाच. मला वाचवायला म्हणून मधल्या ओळी गाळू नकोस. तिला सगळं माहीत आहे, तुझी चोरी लगेच पकडेल. शेजारणीला माहीत आहे, खिडकीवाल्या मावशीला माहीत आहे, ती तर अंक काचेला चिकटवून बसली आहे. मालकाला माहीत आहे. रीळविदुषीवाले पुढच्या अंकात काय लिहितील याची मला कल्पना आहे. नोकरी गेली. आता तुझ्या खोट्यानं माझं काहीही वाचत नाही, मामा. वाचण्यासारखं मी काही शिल्लकच ठेवलेलं नाही.

तू परत येशील का, माझ्याशी बोलशील का, हे मी विचारत नाही. ते विचारायचा हक्क कुठल्या तोंडानं सांगू? फॉर्मवर 'घडलेली हकीकत' असं लिहून खाली सहा रेघा मारल्या आहेत. त्यातल्या दोनच भर, एवढंच लिहून: 'मी तिला विचारलं. ती हो म्हणाली.'

त्याखाली सही कर आणि आईबरोबर पाठव. दहा तारीख शुक्रवारी आहे. कार्यालय पाचला बंद होतं. मी सकाळी दहापासून दाराशी उभी असेन.

तुझी भाची